गोळी स्वस्त झाली. रोग्याचा शोध कोण घेणार?

गेल्या महिन्यात आमच्या जिल्ह्याच्या कार्यकर्ता-शिबिरात आरोग्याच्या प्रश्नावर चर्चा चालू असता एका तरुण साथीने उभे राहून प्रश्न विचारला. हिपॅटायटिस सी या काविळीवरील ज्या औषधाच्या एका गोळीला अमेरिकेत एक हजार डॉलर पडत होते, ते औषध आपल्या देशात काही हजार रुपयांत मिळू लागले, आणि आता तर सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळते. तेव्हा बाजारपेठ म्हणजे केवळ लूट, हा आपला जुना घोष निदान या एका बाबतीत तरी आपण मागे घ्यावयास नको काय? कंपन्या-कंपन्यांच्या स्पर्धेने येथे रोग्याचे भलेच केले, हे प्रामाणिकपणे मान्य का करू नये?

सभागृहात थोडी चुळबूळ झाली. कोणी उत्तर देण्यापूर्वीच जेवणाची घंटा वाजली आणि प्रश्न तेथेच राहिला. हा रोग तेवीस वर्षे अंगात वागवलेला आणि त्यावरचे जुने व नवे असे दोन्ही उपचार घेतलेला एक मनुष्य त्या वेळी मागच्या रांगेत बसला होता. तो मी. मी बोललो नाही, कारण या विषयावर न बोलण्याची सवय मला जडलेली आहे. ही सवय आज मोडावी आणि त्या साथीला उत्तर द्यावे, एवढ्यासाठी हा लेख. त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. उत्तरही तसेच असावयास हवे. सबब ज्या चुका माझ्या आहेत त्याही मी लपवणार नाही.

विकत घेतलेले रक्त

१९९३ साली एका अपघातानंतर माझ्यावर शस्त्रक्रिया झाली. रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या. नातेवाइकांपैकी कोणाचा गट जुळेना, तेव्हा रक्त विकत आणले गेले. त्या काळी त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. ज्याला दुसरे काही विकावयास उरलेले नाही असा हमाल, बेकार तरुण, हातगाडी ओढणारा मनुष्य रक्तपेढीच्या दारात उभा असे आणि त्याच्या रक्तावर मध्यमवर्गाच्या शस्त्रक्रिया पार पडत. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या जानेवारीत या व्यवहाराला पायबंद घालणारा निर्णय दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून रक्ताची विक्री बंद झाली. हिपॅटायटिस सीचा विषाणू १९८९ साली ओळखला गेला होता. पाठोपाठ त्याची चाचणीही निघाली. परंतु आपल्याकडे रक्ताच्या प्रत्येक बाटलीसाठी ती चाचणी सक्तीची होण्यास विसाव्या शतकाची अखेर उलटावी लागली. मधल्या दहा-बारा वर्षांत ज्यांना रक्त चढवले गेले, ते सर्व देवाच्या भरवशावर होते.

ज्याने मला रक्त विकले त्याच्यावर माझा राग नाही. त्याच्या अंगात विषाणू होता हे त्यालाही ठाऊक नसणार. त्याचे पुढे काय झाले याची चौकशी करणारा कोणी असेल, असे तर मला मुळीच वाटत नाही.

माझा रोग मला कळला तो २००६ साली, आणि तोही आपल्याच पक्षाने भरवलेल्या रक्तदान शिबिरात. रांगेत पहिला उभा राहून मी रक्त दिले. दहा-बारा दिवसांनी रक्तपेढीतून बोलावणे आले आणि एका अधिकाऱ्याने दार लावून घेऊन सांगितले, “गुरुजी, यापुढे आपण रक्त देऊ नये.” तेरा वर्षे विषाणू यकृतात बसून होता. कावीळ झाली नव्हती, पोटात दुखले नव्हते. थकवा येई, तो मी वयाच्या आणि खडूच्या खात्यावर टाकत असे. या रोगाची हीच रीत आहे. तो वीस-वीस, तीस-तीस वर्षे आवाज करीत नाही. यकृत हळूहळू घट्ट होत जाते, आणि पुष्कळदा पोटात पाणी साचल्यावर अथवा रक्ताची उलटी झाल्यावरच घरच्यांना कळते की काहीतरी बिघडले आहे.

अठ्ठेचाळीस शनिवार

२००७ साली उपलब्ध असलेला उपचार होता इंटरफेरॉनचे आठवड्यास एक इंजेक्शन आणि त्याच्या जोडीला रिबाव्हिरिनच्या रोजच्या गोळ्या. माझ्या अंगातील विषाणूच्या प्रकाराला हा उपचार अठ्ठेचाळीस आठवडे घ्यावयाचा होता आणि एवढे करूनही गुण येण्याची शक्यता सुमारे निम्मी होती. मी इंजेक्शनचा वार शनिवार ठरवला. शनिवारी सकाळची शाळा आटोपली की थर्मासमध्ये बर्फ घालून एस.टी.ने शहरात जावयाचे, औषध घेऊन यावयाचे, संध्याकाळी पोटावर सुई टोचून घ्यावयाची. म्हणजे रात्रीची थंडी-ताप आणि रविवारची अंगदुखी यांत शाळा बुडत नसे. रिबाव्हिरिनने रक्त उतरले. जिना चढताना दम लागे. केस गळाले. सर्वांत वाईट म्हणजे मनावर एक काळोखी चढली. ज्या मुलांवर मी कधी आवाज चढवला नव्हता त्यांच्यावर मी खेकसू लागलो, आणि फळ्याकडे तोंड करून उगाचच रडू येई. हा औषधाचा गुणधर्म आहे, माझ्या स्वभावाचा दोष नव्हे, हे मला फार उशिरा कोणी सांगितले.

खर्चाचे काय? त्या काळी या उपचाराच्या सहा महिन्यांचीच किंमत चार लाखांच्या घरात जात असे. मी पगारदार शिक्षक होतो. पतसंस्थेचे कर्ज मिळाले, भविष्य निर्वाह निधीतून उचल मिळाली, पत्नीचे दागिने गेले, आणि उपचार पुरा झाला. उपचार संपला तेव्हा रक्तात विषाणू नव्हता. सहा महिन्यांनी तपासले तेव्हा तो परतला होता. कर्ज मात्र पुढे सहा वर्षे फिटत राहिले.

त्याच दवाखान्याच्या बाकावर इचलकरंजीकडचा एक यंत्रमाग कामगार माझ्या शेजारी बसत असे. हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत त्याचा रोग उघडकीस आला होता. डॉक्टरांनी त्यालाही हाच उपचार सांगितला. त्याने माझ्याकडून आकडा ऐकला, बोटांवर काही हिशेब केला आणि म्हणाला, “गुरुजी, एवढ्यात दोन माग येतील.” त्यानंतर तो त्या बाकावर आला नाही. कधी बाजारात भेटे, हसे, पाळीवर जावयाचे आहे म्हणून निघून जाई.

उपकार कोणाचे?

आता एक गोष्ट सांगतो, जी मला स्वतःला फार उशिरा कळली आणि जिच्यापुढे माझी मान अजून खाली जाते.

रोग कळल्यानंतर अनेक वर्षे मी तो लपवला. पक्षाच्या बैठकीत चहाचा कप मी निमूटपणे वेगळा ठेवीत असे. वस्तुतः हा रोग कपाने, ताटाने, शेजारी बसल्याने पसरत नाही. तो रक्ताने पसरतो. हे मला ठाऊक होते. तरी लपवण्याचे कारण असे की, हा “व्यसनी लोकांचा रोग” असे डॉक्टरांच्या खोलीबाहेर लावलेल्या तक्त्यात सूचित केलेले होते आणि आपण त्यांतले नाही, हे जगाला पटवण्यापेक्षा गप्प बसणे मला सोपे वाटले. “मला तो शस्त्रक्रियेतून झाला,” असे मी ज्या दोघा-तिघांना सांगितले, त्यांनाही मी वस्तुतः हेच सांगत होतो की माझा रोग निर्दोष आहे, त्यांचा सदोष.

जे इंजेक्शन घेऊन मी कर्जबाजारी झालो, त्या इंटरफेरॉनच्या एका सुधारित प्रकाराला २००६ साली भारतात पेटंट दिले गेले. २००५ च्या नव्या पेटंट कायद्याखाली औषधाला मिळालेले ते पहिले उत्पादन-पेटंट म्हणून ओळखले जाते. त्याविरुद्ध कोण उभे राहिले? आमची शिक्षक संघटना नव्हे. दुर्दैवाने आपला पक्षही नव्हे. मुंबईतील “संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट” ही संस्था उभी राहिली, जी रस्त्यावर सुई टोचून घेणाऱ्या व्यसनग्रस्तांमध्ये काम करते. त्या माणसांत हिपॅटायटिस सीने आजारी पडणारे आपल्या डोळ्यांदेखत वाढत आहेत आणि औषध त्यांच्या आवाक्याबाहेर आहे, म्हणून या संस्थेने पेटंटला हरकत घेतली. २००९ साली पेटंट कार्यालयाने ती फेटाळली. संस्था अपिलात गेली आणि २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये अपील मंडळाने ते पेटंट रद्द केले.

म्हणजे काय झाले ते पाहा. ज्या माणसाला आपण फूटपाथवर ओलांडून पुढे जातो, त्याच्या नावाने लढलेल्या लढ्याचा लाभ मास्तर, कारकून, वकील या सर्वांना मिळावयाचा होता. आणि आम्ही प्रतिष्ठित लोक कप वेगळा ठेवण्यात गुंतलो होतो! या रोगाबाबत जे कोणी “त्यांचा” आणि “आपला” असा भेद करतात, त्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी. विषाणूला जात नाही, वर्ग नाही. वर्ग आहे तो उपचाराला.

हा बाजाराचा विजय?

आता त्या तरुण साथीच्या मूळ प्रश्नाकडे येतो.

२०१३ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत सोफोसबुव्हिर या औषधाला मान्यता मिळाली. या औषधाने आणि त्याच्या जातीच्या इतर औषधांनी उपचाराचे स्वरूपच पालटले. सुई गेली, ताप गेला, काळोखी गेली; बहुतेकांना दिवसाकाठी एक-दोन गोळ्या बारा आठवडे घेतल्या की पुरे, आणि शंभरातील पंच्याण्णव जण बरे होतात. माणसाच्या बुद्धीचा हा विजय आहे यात संशय नाही, आणि तो नाकारणारा समाजवादी करंटाच म्हटला पाहिजे. परंतु बाजाराने या विजयावर कोणती किंमत लिहिली? गिलियड कंपनीने बारा आठवड्यांच्या उपचाराची किंमत ठेवली ८४,००० डॉलर. त्या वेळच्या दराने पन्नास लाख रुपयांहून अधिक. हे औषध त्या कंपनीने शोधलेही नव्हते. ज्या फार्मासेट कंपनीने ते शोधले, ती तिने सुमारे ११ अब्ज डॉलर मोजून विकत घेतली होती. लिव्हरपूल विद्यापीठाचे अँड्र्यू हिल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१४ साली हिशेब मांडला की, मोठ्या प्रमाणावर उत्पादन केल्यास या बारा आठवड्यांच्या गोळ्या तयार करावयास ६८ ते १३६ डॉलर एवढाच खर्च येईल. २०१५ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकी सिनेटच्या अर्थसमितीच्या दोन सदस्यांनी, त्यांतील एक डेमोक्रॅटिक आणि एक रिपब्लिकन, दीड वर्षाच्या चौकशीनंतर असा निष्कर्ष काढला की, किंमत ठरवताना कंपनीने रोग्याला औषध मिळण्यापेक्षा स्वतःच्या उत्पन्नाला अग्रक्रम दिला. ही साक्ष कोणा समाजवाद्याची नाही. बाजाराला मोकळे सोडले असता तो काय करतो, याचे उत्तर ८४,००० डॉलर हे आहे.

मग येथे किंमत उतरली कशी? आकाशातून स्पर्धा पडली नाही. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या समितीने १९५९ साली अहवाल दिला. त्यातून १९७० चा पेटंट कायदा झाला. या कायद्याने औषधाच्या पदार्थावर पेटंट नाकारले, ते बनवण्याच्या पद्धतीपुरतेच मान्य केले. या एका तरतुदीच्या आश्रयाने या देशातील औषध-उद्योग उभा राहिला आणि जगाच्या गरिबांना औषध पुरवू लागला. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली सरकारने उभारला होता. औषध ही जनतेच्या मालकीची गोष्ट असू शकते याचा तो पुरावा होता. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या करारापायी २००५ साली औषधांवर उत्पादन-पेटंट द्यावे लागले. तथापि संसदेत डाव्या पक्षांनी आणि बाहेर रुग्णांच्या संघटनांनी आग्रह धरल्यामुळे कलम ३(ड) कायद्यात आले, ज्याअन्वये जुन्याच पदार्थाला थोडा बदल करून पुन्हा मक्तेदारी मागता येत नाही. २०१३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधाच्या खटल्यात हे कलम उचलून धरले.

२०१४ च्या सप्टेंबरमध्ये गिलियडने सात भारतीय कंपन्यांना सोफोसबुव्हिर बनवण्याचे परवाने दिले, ते या पार्श्वभूमीवर. पेटंटच्या अर्जावर हरकती दाखल होत्या. पेटंट मिळेल याची शाश्वती नव्हती. हातातून सगळेच निसटण्यापेक्षा परवाना देऊन स्वामित्वशुल्क घेणे शहाणपणाचे होते. त्यातही अटी होत्या: कोणत्या देशांत औषध विकावयाचे याची यादी कंपनीने ठरवली आणि ब्राझील, चीन यांसारख्या मध्यम उत्पन्नाच्या देशांतील कोट्यवधी लोकांना त्या यादीतून वगळले. पुढे २०१५ च्या जानेवारीत पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला, न्यायालयाने तो फेरविचारास पाठवला आणि २०१६ च्या मे महिन्यात पेटंट दिले गेले. म्हणजे लढाई आपण निखालस जिंकलो असेही नव्हे. परंतु २०१५ च्या मार्चमध्ये पहिली भारतीय गोळी बाजारात आली तेव्हा अठ्ठावीस गोळ्यांच्या बाटलीवर छापील किंमत होती १९,९०० रुपये, आणि नंतर ती झपाट्याने उतरत गेली. साथी, यात स्पर्धा होती हे मला मान्य आहे. परंतु ही स्पर्धा कायद्याने घडवलेली होती, तो कायदा राजकारणाने घडवलेला होता आणि ते राजकारण रस्त्यावरच्या माणसांनी जिवंत ठेवले होते. घराचा पाया कोणी घातला हे विसरून कौलांचे कौतुक करण्यात अर्थ नाही.

माझ्या बाकावरचा तो कामगार २०१४ च्या दिवाळीनंतर वारला. रक्ताची उलटी झाली आणि तालुक्याहून जिल्ह्याला नेईपर्यंत सारे संपले. औषधाला मान्यता मिळून तेव्हा अकरा महिने झाले होते. परवान्यांवर सह्या होऊन दोन महिने झाले होते. दुकानात गोळी यावयास अजून चार महिने अवकाश होता. औषध मिळाले असते तर तो खात्रीने वाचला असता, असे मी म्हणणार नाही. त्याचे यकृत फार पुढे गेलेले होते. त्याच्या मृत्यूचा दोष मी कोणा एका कंपनीच्या किंवा डॉक्टरच्या माथी मारत नाही. तो दोष, औषध पृथ्वीवर असूनही ते दोन मागांच्या किमतीत तोलावे लागते, त्या व्यवस्थेचा आहे. २०१६ साली मी तीच भारतीय गोळी डाक्लाटास्व्हिर या दुसऱ्या गोळीच्या जोडीने चोवीस आठवडे घेतली, कारण माझे यकृत तोवर घट्ट झाले होते. या वेळी कर्ज काढावे लागले नाही. एकही दिवस ताप आला नाही. संपल्यावर तीन महिन्यांनी तपासणी झाली. विषाणू नव्हता आणि आजही नाही. त्या दिवशी मला आनंद झाला हे खरे. पण अहवालाचा कागद घेऊन मी त्या जुन्या बाकापाशी काही वेळ उभा राहिलो, हेही खरे.

न सापडलेला रोगी

येथवर माझे म्हणणे पटले असेल तर त्या साथीच्या प्रश्नाचा दुसरा भाग उरतो, आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. औषध स्वस्त झाले, सरकारने ते मोफत केले. मग आता अडले कोठे?

पंजाब सरकारने २०१६ च्या जूनमध्ये जिल्हा रुग्णालयांतून या रोगाचा मोफत उपचार सुरू केला. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय विषाणुजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम जाहीर केला, त्यात तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत आणि २०३० पर्यंत हिपॅटायटिस सीचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट आहे. कार्यक्रम चांगला आहे. तो केवळ सरकारचा म्हणून त्याला नावे ठेवणे हा क्षुद्रपणा होईल. परंतु जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ साली भारतात ५५ लाख लोकांच्या अंगात हा विषाणू होता. साऱ्या जगात असे ५ कोटी लोक होते आणि त्यांपैकी जेमतेम ३६ टक्क्यांना आपला रोग ठाऊक होता. उपचार मिळाला होता २० टक्क्यांना.

औषध फुकट आहे. परंतु ज्याला आपण रोगी आहोत हेच माहीत नाही, तो ते मागावयास येणार कसा? येथे बाजाराची कुवत संपते. बाजार फार तर गल्ल्यापाशी आलेल्या गिऱ्हाइकाला माल देतो. जो आजारी आहे पण ज्याला ते ठाऊक नाही, असा शेतमजूर शोधण्यासाठी कोणताही दुकानदार बांधावर जात नाही. ते काम लोकसत्तेचे आहे.

आणि ते करता येते. इजिप्तचे उदाहरण घ्या. तेथे १९५० ते १९८० या दशकांत एका परजीवी रोगाच्या निर्मूलनासाठी सरकारनेच गावोगाव इंजेक्शनांची मोहीम चालवली. सुया नीट उकळल्या गेल्या नाहीत आणि हिपॅटायटिस सी देशभर पसरला. जे पाप सरकारी सुईने केले ते सरकारनेच निस्तरले. २०१८-१९ साली सुमारे पाच कोटी प्रौढांची तपासणी करण्यात आली, सापडलेल्यांना मोफत औषध देण्यात आले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या रोगाच्या उच्चाटनाच्या वाटेवरील सर्वोच्च टप्पा गाठलेला पहिला देश म्हणून इजिप्तचा गौरव केला. आपल्याकडे २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्के सरकारी खर्च आरोग्यावर करण्याचे वचन दिले. ते पाळले गेले नाही. पिंपरीचा तो कारखाना विक्रीस काढण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ च्या डिसेंबरमध्ये घेतला. सत्ताधाऱ्यांचा कल कोणत्या दिशेला आहे, हे यावरून कळावे.

आपण काय करावे

मागण्या स्पष्ट असाव्यात. पहिली तपासणी प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात व्हावी आणि ती सदोष आल्यास विषाणू मोजण्याच्या पुढच्या चाचणीसाठी रक्ताचा नमुना शहरात जावा, रोग्याला जावे लागू नये. आज गरीब मनुष्य औषधाच्या किमतीपायी नव्हे, तर तीन खेपांच्या एस.टी. भाड्यापायी आणि तीन दिवसांच्या बुडालेल्या मजुरीपायी उपचार सोडतो. डायलिसिसवर असलेले, थॅलेसेमियाची मुले आणि ज्यांना पूर्वी रक्त चढवले गेले अशा सर्वांची तपासणी ठरल्या मुदतीने व्हावी. तुरुंगांत आणि व्यसनग्रस्तांच्या वस्त्यांत स्वच्छ सुई व उपचार दोन्ही पोचावेत. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तात या रोगाची प्रतिपिंडे बहुधा जन्मभर राहतात, म्हणून पहिली चाचणी पुढेही सदोष येते. तेवढ्यावरून त्याला नोकरी किंवा शस्त्रक्रिया नाकारणे हा अन्याय आहे, आणि त्याविरुद्ध कामगार संघटनांनी उभे राहिले पाहिजे.

परंतु सर्व भार सरकारवर टाकून आपण मोकळे होणार काय? गावागावांत अशक्तपणा आला की “डॉक्टर, एक सुई मारा, सलाईन लावा” असा आग्रह धरला जातो. नको असलेली प्रत्येक सुई हा एक धोका आहे, हे सांगण्यास निधी लागत नाही. जत्रेत एकाच सुईने गोंदवून घेणे, न्हाव्याचे एकच पाते अनेकांना वापरणे, यांविषयी बोलण्यास परवानगी लागत नाही. माझ्यासारख्या बऱ्या झालेल्यांनी तोंड उघडण्यासही काही लागत नाही. लागते ते थोडे धैर्य, जे मला दहा वर्षे झाले नाही.

शेवटी एक सूचना, जी मला सर्वांत जवळची वाटते. आपण दरवर्षी रक्तदान शिबिरे भरवतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राला बाटल्यांचा आकडा कळवतो. ज्यांचे रक्त नंतर नाकारले गेले त्यांचे काय झाले, हे आपण कधी विचारत नाही. त्यांची नावे आपल्याला कळू नयेत, तो त्यांचा खासगी अधिकार आहे. परंतु शिबिराच्या आरंभी एवढे जाहीर करता येईल: रक्तपेढीतून तुम्हाला बोलावणे आले तर घाबरू नका, लपू नका. हा रोग बरा होतो, औषध मोफत आहे, आणि रुग्णालयात तुमच्यासोबत यावयास आमचा एक कार्यकर्ता तयार आहे. त्यानंतर तो कार्यकर्ता खरोखरच उपलब्ध असावा, बारा आठवडे आणि त्यानंतरच्या तपासणीपर्यंत.

२००६ साली त्या बंद दाराबाहेर मी आलो तेव्हा असा कोणी उभा नव्हता. येत्या शिबिरात तो उभा राहील. तूर्त त्या कामासाठी मी माझे नाव नोंदवले आहे. ज्या तरुण साथीने प्रश्न विचारला, त्याने दुसरे नाव नोंदवावे अशी माझी त्याला विनंती आहे.